बाकावरच्या सासवा

आमच्या प्रसूतिगृहाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन लांब बाकं आहेत. भिंतीकडच्या बाकावर दिवस गेलेल्या बायका बसतात आणि समोर खिडकीखालच्या बाकावर त्यांच्याबरोबर आलेल्या सासवा, आया, मावश्या. भिंतीकडच्या बायकांचं वजन करतात, रक्त तपासतात, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकतात. खिडकीखालच्या बायकांना पूर्वी कोणी काही विचारत नसे. त्या पिशव्या सांभाळायच्या, सुनेच्या चपलांवर लक्ष ठेवायच्या आणि मधूनमधून विचारायच्या, "सिस्टर, कितवा नंबर चालू आहे?"

मी घाटकोपरला टेकडीखालच्या या प्रसूतिगृहात नर्स आहे. नोकरीला अकरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं आणि आता दर रविवारी पार्ल्याला व्याख्यानांना जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे असेल, वर्गात मी अजून मागेच बसते आणि प्रश्न विचारायचा झाला तर आधी मनात तीनदा म्हणून बघते. आमच्या मराठीच्या बाईंनी माझा एक निबंध वाचला आणि म्हणाल्या, "यात दवाखान्याबद्दलची चार वाक्यं तुमची आहेत, बाकी सगळं गाइडमधलं आहे. दिवाळी अंकाला त्या चार वाक्यांबद्दल लिहा." म्हणून लिहिते आहे. जमलं नाही तर दोष माझा.

ती चार वाक्यं खिडकीखालच्या बाकाबद्दल होती.

साधारण पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरबाई एका मोठ्या इस्पितळात शिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी दर बुधवारी एक नवीन तपासणी सुरू केली. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर व्हायचा असेल, तर तो व्हायच्या बऱ्याच आधीपासून तिथल्या पेशी बदलायला लागतात. बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. पण एक लाकडी पट्टी तिथून हळूच फिरवली आणि जे निघेल ते काचेच्या पट्टीवर सारवलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली ते बदल दिसतात. तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. काच मोठ्या इस्पितळात पाठवायची, तिथून तीन आठवड्यांनी रिपोर्ट येतो. बहुतेक रिपोर्ट चांगले असतात. काहींत सूज निघते, तिला औषध देऊन परत तपासावं लागतं. एखादा मात्र असा येतो की डॉक्टरबाई चष्मा काढून पुसतात आणि परत वाचतात.

ही तपासणी पस्तिशीच्या पुढच्या बायकांची. त्या आम्ही आणायच्या कुठून? त्या खिडकीखालच्या बाकावर बसलेल्याच होत्या. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, "यांना तयार करायचं काम तुझं."

तयार करणं वाटलं तितकं कठीण गेलं नाही. पडदा नीट लावायचा, आत बघायचं यंत्र गरम पाण्यात धरून मग घ्यायचं, बाईला तिच्या नावानं हाक मारायची, तिचा हात आपल्या हातात धरायचा आणि तिच्या गावाबद्दल विचारायचं. गावाचं नाव सांगून होईपर्यंत तपासणी होते. कठीण होतं ते पुढचं. तीन आठवड्यांनी तीच बाई परत येत नसे.

याची कारणं मला फार हळूहळू कळली. पहिलं म्हणजे बऱ्याच जणींना तपासणी हाच उपचार वाटायचा. "तपासलंत ना? मग झालं की. परत कशाला?" दुसरं म्हणजे आमची वेळ सकाळी दहा ते बारा आणि टेकडीवरच्या वस्तीत नळाला पाणी यायचं तेही दहा ते बारा. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. तिसरं, आमच्या चिठ्ठीवर इंग्रजी तारीख असायची. "एकवीसला या" म्हटलं की मान डोलायची आणि विसरून जायचं. "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी या" म्हटलं की लक्षात राहायचं. एका बाईनं बरोबर तारखेला रिपोर्ट न्यायला स्वतः न येता जावेला पाठवलं, कारण रेशन आणायलाही जाऊच जायची. त्या जावेला मी आत घेतलं आणि तिचीही तपासणी केली. ती बाहेर येऊन म्हणाली, "आता माझा रिपोर्ट न्यायला ती येईल." आणि आली, खरंच.

आणि एकीला मी रागावले. लिहायला जड जातं. तिसऱ्यांदा निरोप पाठवून महिन्यानं आली, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हांला जिवाची किंमत नाही तर आम्ही कशाला मरमर करायची?" तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि निघून गेली. तिचा रिपोर्ट चांगला होता, तेवढंच सांगायचं होतं. पण पुढच्या वर्षी तपासायला ती आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. वस्तीत कुठे दिसते का, म्हणून मी अजून बघत असते.

अनुसयाबाई आल्या त्या डिसेंबरात, सून मंगलला घेऊन. मंगलला नववा लागला होता आणि तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच होणार होतं. अनुसयाबाई सातारकडच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. कपाळावर हिरवं गोंदण. त्या वस्तीत दारापुढे बसून गोधड्या शिवायच्या. बाकावर बसल्या तरी हात रिकामे नसायचे, पिशवीतून चिंधी काढून कडा दुमडत राहायच्या.

मी तपासणीबद्दल सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

"आवं सिस्टर, माझं दुकान कवाच बंद झालं. पोरीचं बघा."

"पोरीचं बघतोच आहोत. तुमचं दोन मिनिटांत होईल."

"सुई टोचता का?"

"नाही."

"कापता?"

"नाही हो."

"मग करा. नंबर यायला तास हाय. बसून तरी काय करू?"

केसपेपर भरताना मी नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी सुनेकडे बघितलं. नाव मंगलनं सांगितलं आणि मी लिहिलं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीतच, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मंगल डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी झाली. अनुसयाबाईंनी वॉर्डात सगळ्यांना पेढे दिले आणि सुनेला आणि नातीला घेऊन घरी गेल्या. सात-आठ दिवसांनी रिपोर्टांचा गठ्ठा आला. डॉक्टरबाईंनी एक कागद बाजूला काढला, चष्मा पुसला आणि परत वाचला. नाव अनुसयाबाईंचं होतं.

"बदल आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किती आत गेलंय ते मोठ्या इस्पितळात तुकडा काढून बघावं लागेल. पण आधी ही बाई इथे आली पाहिजे. आत्ता सापडलंय तर निभावेल. वर्षानं आली तर मी काही सांगू शकत नाही."

अनुसयाबाईंना दिलेली तारीख आली आणि गेली. त्या आल्या नाहीत. त्यांच्यासारख्या न आलेल्या आणखी तेरा जणी होत्या. आणि मग मला एक कल्पना सुचली. त्या कल्पनेचा मला इतका अभिमान होता की मी ती घरी आईलाही सांगितली होती.

संक्रांत जवळ आली होती. मी म्हटलं, आपण प्रसूतिगृहात हळदीकुंकू करू. चौदाही जणींना बोलावू. तपासणीला बोलावलं की घरातून नाही म्हणतात, हळदीकुंकवाला कोण नाही म्हणेल? आल्या की कुंकू लावायचं, तीळगूळ द्यायचा, हातात वाण म्हणून एक साबणाची डबी, आणि डबीबरोबर रिपोर्ट. वेळ दुपारी तीनची, म्हणजे नळाची अडचण नाही. डॉक्टरबाई खूश झाल्या. आमच्या प्रसूतिगृहातल्या आया यशोदामावशी वस्तीतल्याच, पण टेकडीच्या पलीकडच्या अंगाच्या. त्यांनी दारोदार जाऊन आवतण दिलं.

"सिस्टर, झकास आयडिया काढलीत," त्या म्हणाल्या. "माझी जाऊ कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, ती पण विचारत होती, मी येऊ का?"

त्या दुपारी आमच्या बाह्यरुग्ण विभागात रांगोळी होती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. त्या चौदांपैकी तेरा जणी आल्या, वर आवतण नसलेल्या सहा. एकमेकींना उखाण्यात नाव घेण्याचे आग्रह झाले, खिडकीखालचं बाक हसण्यानं भरून गेलं. तेरा जणींचे रिपोर्ट त्यांच्या हातात पडले, दोघींना औषधं दिली. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. संध्याकाळी टेबलावर एक डबी आणि एक कागद उरला.

"मेली नेमकी तीच नाही आली," यशोदामावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच अनुसयाबाईंच्या घरी पाठवलं. इथे मी दुसरी चूक केली. यशोदामावशी आमच्या निळ्या काठांच्या साडीत, भर दुपारी, गल्ली जागी असताना गेल्या आणि दारातून म्हणाल्या, "अनुसयाबाई, तुम्हांला प्रसूतिगृहात बोलावलंय. लगेच." त्या काळी त्या साडीतली बाई वस्तीत दिसली की लोकांना दोनच गोष्टी आठवायच्या, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आणि तांबी. शेजारच्या दोघी बाहेर आल्या. त्यातली एक म्हणाली, "काय गं अनुसया, सुनेचं झालं, आता सासूचं बारसं का?"

अनुसयाबाईंनी दार लावून घेतलं. यशोदामावशी परत आल्या त्या मान खाली घालून. "माझंच चुकलं," म्हणाल्या. "हळू बोलायला हवं होतं. पण बाई अशी चिडली, मला म्हणाली, परत माझ्या दारात येऊ नकोस."

मी घरी आले. आम्ही मुलुंडला चाळीत राहतो, मी आणि आई. आई मालवणची. वडील गिरणीत होते, मी नऊ वर्षांची असताना गेले. त्यानंतर आईनं खानावळ चालवून मला शिकवलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "गोधडी शिवता ना ती? मग काम घेऊन जा. गिराईकाक कोण दार लावता?"

रविवारी तिनं ट्रंक उघडली आणि तीन जुन्या साड्या काढून दिल्या. दोन नेहमीच्या विटक्या. तिसरी लाल, जरीच्या बारीक काठाची. ती मी तिच्या अंगावर कधी पाहिली नव्हती.

मी माझी साधी छापील साडी नेसून, पिशवी घेऊन टेकडीवर गेले. अनुसयाबाई दारापुढे सतरंजी टाकून बसल्या होत्या, पायावर अर्धी शिवलेली गोधडी. मला बघून त्यांचा हात थांबला. ओळखलं होतं. पण मी पिशवीतून साड्या काढून पुढे ठेवल्या आणि म्हटलं, "एक गोधडी शिवून हवी होती." शेजारची बाई दारातून बघत होती. तिनं साड्यांकडे बघितलं आणि आत गेली.

अनुसयाबाईंनी एकेक साडी उलगडून उजेडात धरली. विटक्या दोन्ही लगेच बाजूला ठेवल्या. लाल साडीवरून मात्र त्यांनी बराच वेळ बोटं फिरवली.

"ही कुणाची?"

"आईची."

"नेसलेली न्हाई ही. बघ, कापड घडीवर विरलंय. अंगावर विरलं असतं तर निऱ्यांजवळ, पाठीवर विरलं असतं. ही निस्ती पेटीत पडून हाय." मग त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाप न्हाई का तुला?"

मी मान हलवली.

"माझ्याकडं बी एक हाय अशी. हिरवी," त्या म्हणाल्या. मग सुईत दोरा ओवत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी हळदीकुंकवाचं आवतण धाडलंत. म्या कोणत्या तोंडानं येऊ, सांग बरं? अकरा वर्सं झाली. हळदीकुंकवाला म्या माझ्या सुनेच्या बी म्होरं जात न्हाई, आत चुलीपाशी बसते."

 चौदा नावांची यादी मी स्वतः केली होती. केसपेपरवर नवऱ्याचं नाव होतं, तो आहे की नाही याला रकाना नव्हता, आणि मी विचारलं नव्हतं. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरीच होती. मी लहान असताना संक्रांत आली की चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला जायच्या. आई मला वेणी घालून शेजारणीबरोबर पाठवायची आणि स्वतः दार लोटून आत बसायची. मी वाण घेऊन यायचे, ती हातात घेऊन बघायची आणि "बरां आसा" म्हणायची. तेवीस वर्षं माझ्या घरात हे चाललं होतं. मी हळदीकुंकवाची कल्पना तिला हौसेनं सांगितली, तेव्हाही ती "बरां आसा" एवढंच म्हणाली होती. मला त्यातलं काही दिसलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं. 

"तुझं काय चुकलं? रीतच हाय." त्यांनी एक टाका घातला. "पर ती बाई आली ते वाईट झालं. आता गल्लीत इचारत्यात, नवरा नसलेल्या बाईला बाळंतिणीच्या दवाखान्यात कशाला बोलावलं? काय सांगू? माझा ल्योक बी माझ्याशी दोन दिस बोलला न्हाई."

मग मी त्यांना सांगितलं. हळू आवाजात, घाबरवलं नाही, पण लपवलंही नाही. काचेवर काय दिसलं, ते आजच जिवावरचं नाही, पण ठेवलं तर होईल. त्या शिवत राहिल्या. टाके मात्र लहान-मोठे पडायला लागले, तेव्हा त्यांनी सुई कापडात खोवली.

"म्हंजी तो रोग?"

"अजून नाही. व्हायच्या आधीचं आहे. म्हणून तर मी आले."

"तरी म्या त्या दवाखान्यात येनार न्हाई. मेले तर मेले, पर नाव ठिवून घ्येनार न्हाई."

आतून बाळ रडलं. मंगलनं त्याला थोपटल्याचा आवाज आला. ती अजून आतच होती, सव्वा महिना व्हायचा होता. आणि मला कोण जाणे कसं सुचलं. मी विचारलं, "सव्वा महिना झाला की नातीला ट्रिपल लशीच्या डोसाला आणायचंय. कोण आणणार?"

"कोण म्हंजी? मीच. मंगलला गर्दीत घाबरायला हुतं."

"मग आजी नातीला घेऊन दवाखान्यात आली तर कोणी काही विचारेल?"

अनुसयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. जरा वेळानं त्यांच्या तोंडावर थोडंसं हसू आलं.

"लई शानी हायेस की गं तू," त्या म्हणाल्या. सिस्टरची मी केव्हाच तू झाले होते, ते आता लक्षात आलं. मला बरं वाटलं.

रिपोर्ट आल्यापासून अनुसयाबाई दवाखान्यात येईपर्यंत जवळजवळ सहा आठवडे गेले. माझ्या हळदीकुंकवानं ते घालवले, असंच मी धरते. फेब्रुवारीत एका बुधवारी त्या आल्या. हातात लहानशा गोधडीत गुंडाळलेली नात. तिला डोस दिला, ती किंचाळली, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात यशोदामावशींनी मूल उचलून घेतलं आणि मी अनुसयाबाईंना पडद्याआड नेलं. वस्तीतल्या तीन बायका बाकावर होत्या. कोणाला काही कळलं नाही. डॉक्टरबाईंनी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या मुलाला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. तो आधी माझ्याकडे संशयानं बघत होता. मग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. "मला आधी का न्हाई सांगितलंस आये?" एवढंच म्हणाला.

तुकडा काढला, तपासला, मार्चमध्ये त्यांची गर्भपिशवी काढली. रोग वेळेत सापडला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला चिंधीची कड कशी दुमडायची ते दाखवत होत्या.

पण ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नसतं. दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी दाखवावं लागतं. मी त्यांच्या तारखा नातीच्या डोसांना जोडून दिल्या. दुसरा डोस, तिसरा डोस, गोवर. प्रत्येक वेळी आजी नातीला घेऊन यायची आणि प्रत्येक वेळी नातीच्या रडण्याच्या आड आजीची तपासणी व्हायची. ही युक्ती मी मग इतरांनाही लावली. आमच्याकडच्या बाईला स्वतःसाठी यायला अवघड जातं. दुसऱ्याच्या कामाला ती धावत येते. तेव्हा दुसऱ्याचं काम काढायचं आणि तिचं आपण करून घ्यायचं. खिडकीखालच्या बाकावरच्या बायकांच्या चिठ्ठीवर मी सुनेची किंवा नातवंडाची तारीख लिहू लागले, आणि त्या परत येऊ लागल्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ.

त्यात मला एक खटकायचं. हे फसवणं नव्हतं, पण बाईनं आपल्या जिवासाठीसुद्धा आडून यावं, याची वाट मीच तिला रुंद करून देत होते. डॉक्टरबाईंना हे बोलले तर त्या म्हणाल्या, "आधी जिवंत राहू देत. मग उजळ माथ्यानं येतील." मला ते पटलं आणि नाहीही.

नात दीड वर्षाची झाली, शेवटचा डोस झाला. आता कुठलं निमित्त उरलं नव्हतं. अनुसयाबाईंची पुढची तारीख दसऱ्यानंतरच्या बुधवारी होती. त्या दिवशी सकाळपासून मी दाराकडे बघत होते. अकरा वाजले. यशोदामावशी म्हणाल्या, "मी जाऊन येऊ? साधी साडी नेसून जाईन."

तेवढ्यात त्या आल्या. एकट्या. हातात मूल नाही, पिशवीसुद्धा नाही. खिडकीखालच्या बाकावर बसल्या. त्यांच्या गल्लीतली तीच शेजारीण, बारशाचं विचारणारी, सुनेला घेऊन आली होती. ती म्हणाली, "काय गं, नात कुठंय?"

"घरी हाय."

"मग तू कशाला आलीस?"

"माझी तारीख हाय," अनुसयाबाई सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मला आत खराबी हुती, ती काढली. आता बरी हाय का ते बघाया येते. तू बी बघून घे की. तास तर बसायचंच हाय."

शेजारणीनं सुनेच्या चपला बाकाखाली सरकवल्या. पण अर्ध्या तासानं तिनं माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, "सिस्टर, ते दुखतं का?"

हळदीकुंकू आम्ही परत केलं नाही. संक्रांतीला आता नुसता तीळगूळ असतो, जी येईल तिला. दाराशी कोण उभं राहणार असा प्रश्न पडला तेव्हा यशोदामावशीच म्हणाल्या, "अनुसयाबाईंना सांगा." त्या आधी नाही म्हणाल्या, मग आल्या. स्टीलच्या ताटात लाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि पहिल्या चार-पाच जणींपुढे त्यांनी नुसतं ताट धरलं. मग स्वतः हातावर लाडू ठेवू लागल्या.

आता एक सांगायचं राहिलं. इतक्या बायकांना मी परत आणलं, पण माझ्या आईची तपासणी झाली नव्हती. मी किती वेळा म्हटलं. तिचं एकच उत्तर, "माका काय एक होवक नाय. तू तुझ्या बायकांका सांग." घरात मी नर्स नव्हते, तिची मुलगी होते. मुलीचं ऐकायची तिला सवय नव्हती.

या वर्षी संक्रांत बुधवारीच आली. त्या सकाळी मी तिला म्हटलं, "गोधडी शिवणाऱ्या बाईंना भेटायचं होतं ना तुला? आज येणार आहेत." ती गोधडी आई रोज पांघरते. अनुसयाबाईंनी लाल साडी आत, विटक्या साड्यांच्या मधल्या थरात घातली होती, कडेला फक्त बोटभर लाल दिसेल अशी. आई तयार झाली. वाटेत मला म्हणाली, "माका कित्याक नेतस तां कळता हां." पण परत फिरली नाही.

दारात अनुसयाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. मी ओळख करून देण्याच्या आधीच त्यांनी आईचा हात धरला आणि तिच्या तळव्यावर लाडू ठेवला.  संक्रांतीला कोणी तिला दारात थांबवून हातावर तीळगूळ ठेवल्याचं मला आठवत नाही. मग दोघी खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसल्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. मी टेबलापाशी केसपेपर चाळत असल्यासारखं करत होते. एकदा अनुसयाबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. एकदा दोघी हसल्या.

थोड्या वेळानं आई उठली, पदर सारखा केला आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, इतर बायका उभ्या राहतात तशी.

"लिही," म्हणाली.

मी तिचं नाव लिहिलं. वय विचारलं, तिनं अंदाजानं सांगितलं. नवऱ्याच्या नावाशी मी थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वडिलांचं नाव स्वतःच्या तोंडानं उच्चारलं, सावकाश, सगळं. मी ते पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकत होते.

आत मी तिचा हात धरला आणि गावाबद्दल विचारलं. "गप ऱ्हव," ती म्हणाली. दोन मिनिटांत झालं. बाहेर येऊन तिनं चपला घातल्या, लाडूचा उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि दाराशी जाऊन मागे वळली.

"परत कधी येवचा गो?"

तिला सांगण्याआधी मला कॅलेंडरकडे बघावं लागलं, आणि कॅलेंडर नीट दिसत नव्हतं.